नोकरीच्या अर्जातील व्यक्तिमत्त्व चाचणी: पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

लेखी परीक्षा होते, गुणही बरे मिळतात, आणि मग एक मेल येतो: अमुक तारखेच्या आत सोबतच्या लिंकवर जाऊन ‘सायकोमेट्रिक असेसमेंट’ पूर्ण करावी. अभ्यासक्रम दिलेला नसतो, एकूण गुण लिहिलेले नसतात आणि उत्तीर्ण होण्याची अटही कळत नाही. मी या चाचण्या खासगी कंपन्यांसाठी आणि बँकेच्या भरतीसाठी दिल्या आहेत. शिवाय आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना गेली काही वर्षे या टप्प्यावर अडखळताना जवळून पाहत आहे. कोणी उत्तरसूची शोधत बसतो, कोणाला वाटते की ही मानसिक आजाराची तपासणी आहे, तर कोणी निव्वळ औपचारिकता समजून दहा मिनिटांत सगळे पर्याय दाबून मोकळा होतो. तिघांचेही नुकसान होते.

या चाचणीची उत्तरे पाठ करता येत नाहीत, पण म्हणून तयारीशिवाय बसू नये. स्वतःच्या कामाच्या सवयी पुराव्यासह आठवून ठेवणे आणि प्रत्येक विधान शेवटच्या शब्दापर्यंत वाचणे, एवढीच तयारी लागते, आणि ती चार-सहा दिवसांत होण्यासारखी आहे.

१. चाचणी नेमकी कोणती, ते आधी ओळखा

बोलण्यात सगळ्यालाच ‘सायको टेस्ट’ म्हटले जाते, त्यामुळे मुले भलत्याच गोष्टीची तयारी करतात. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आणि स्टेशन मास्तर या पदांसाठी जी संगणकीय चाचणी असते, ती स्मरणशक्ती, एकाग्रता, आकलनाचा वेग अशा क्षमता तपासते. तिला बरोबर-चूक उत्तरे असतात आणि तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण (इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेले प्रमाणित गुण) मिळवावे लागतात. तिचा सराव करून गुण वाढवता येतात. सैन्यदलातील अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीची मानसशास्त्रीय चाचणी आणखी वेगळी आहे. तिथे चित्रे पाहून गोष्टी लिहायच्या असतात, साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदांत वाक्ये लिहायची असतात आणि साठ प्रसंगांवरील प्रतिक्रिया अर्ध्या तासात द्यायच्या असतात. तिच्यासाठी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

इथे विचार करायचा आहे तो तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे संगणकावर भरायच्या प्रश्नावलीचा. तिच्यात तुमच्याविषयीची विधाने असतात आणि ती तुम्हाला किती लागू पडतात ते सांगायचे असते. भारतीय स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीच्या तिसऱ्या टप्प्यात अशी चाचणी असते. त्याच टप्प्यात समूहचर्चेसारख्या गटकार्याला २० आणि मुलाखतीला ३० गुण असतात. सायकोमेट्रिक चाचणीला स्वतःचे गुण नसतात, पण तिचा निष्कर्ष मुलाखत मंडळापुढे ठेवला जाऊ शकतो. सरकारी बँकांसाठी सामाईक भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसने २०२५ च्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीपासून मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्यामध्ये व्यक्तिमत्त्व चाचणी आणली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड ‘बी’ अधिकारी भरतीतही मुलाखतीपूर्वी सायकोमेट्रिक चाचणी घेतली जाते. खासगी कंपन्यांत मात्र ठरीव पद्धत नाही. काही ठिकाणी पहिल्याच फेरीत तिच्या आधारे अर्ज गाळले जातात, तर काही ठिकाणी शेवटच्या मुलाखतीत विचारायचे प्रश्न काढण्यापुरताच तिचा उपयोग होतो. म्हणून जाहिरात किंवा मेल सावकाश वाचा आणि निकालाचा उपयोग कशासाठी होणार हे त्यात नसेल, तर भरती विभागाला सभ्यपणे विचारा. असे विचारल्याने कोणाचे मत वाईट होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मेल बहुधा ज्या कंपनीत अर्ज केला तिच्या नावाने येत नाही. चाचणी घेण्याचे काम एसएचएल, मर्सर मेटल यांसारख्या मूल्यमापन कंपन्यांकडे असते, त्यामुळे त्यांचा मेल ‘स्पॅम’मध्ये जाऊन पडतो आणि मुदत निघून जाते. अर्ज केल्यानंतर तो फोल्डर रोज पाहत जा.

२. ही चाचणी काय मोजते, हे समजून घ्या

बहुतेक प्रश्नावल्यांच्या मुळाशी पाच मोठे गुणविशेष असतात: कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सहमतशीलता, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. काही प्रश्नावल्या त्यांचे आणखी बारीक भाग पाडतात. एसएचएलची ओपीक्यू ही प्रश्नावली कामाशी संबंधित ३२ वैशिष्ट्ये पाहते. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या अमेरिकी संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात या पाचांपैकी कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी असलेला संबंध सर्व प्रकारच्या व्यवसायांत सातत्याने आढळला. हा संबंध आहे, पण तो मर्यादित आहे, आणि म्हणूनच जाणत्या कंपन्या केवळ या चाचणीच्या जोरावर कोणाची निवड करत नाहीत.

निकाल टक्क्यांत येत नाही. तुमची उत्तरे तशाच इतर उमेदवारांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या मोठ्या गटाशी ताडून पाहिली जातात आणि प्रत्येक गुणविशेषासाठी, अनेकदा १ ते १० अशा ‘स्टेन’ मापनावर, तुमची जागा दाखवली जाते. त्यात ५ किंवा ६ म्हणजे सर्वसाधारण. एखाद्या गुणविशेषात ३ आले म्हणजे तुम्ही कमी प्रतीचे, असा त्याचा अर्थ नसतो. लेखापरीक्षणाच्या कामात बहिर्मुखता कमी असलेला माणूस उत्तम रमतो, विक्रीच्या कामात त्याची दमछाक होण्याचा संभव असतो. कंपनीने त्या पदासाठी काय हवे याचा आराखडा आधी केलेला असतो आणि तुमचा आलेख त्याच्याशी जुळवून पाहिला जातो. तो आराखडा तुम्हाला दिसत नाही. त्याचा अंदाज बांधून उत्तरे रंगवणारे उमेदवार पुष्कळदा भलताच अंदाज बांधतात.

चार अक्षरांनी सोळा प्रकार सांगणारी एमबीटीआय चाचणी महाविद्यालयांतल्या कार्यशाळांत लोकप्रिय आहे. तिच्यावरून आपण ‘अमुक प्रकारचे’ आहोत असे ठरवून टाकू नका. ती प्रसिद्ध करणारी कंपनी स्वतःच सांगते की ती नोकरभरतीत निवडीसाठी वापरू नये.

३. कागदपत्रे आणि साधने जमवा

चाचणीच्या किमान दोन दिवस आधी पुढील गोष्टी एका जागी ठेवा.

– आमंत्रणाचा मेल किंवा प्रवेशपत्र, आणि अर्जाचा नोंदणी क्रमांक.
– फोटो असलेले मूळ ओळखपत्र: आधार, पॅन किंवा पासपोर्ट. त्यावरील नाव अर्जातल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते, आणि तपासणी त्यावरच अडते. फरक असेल तर आधीच मेल करून कळवा.
– केंद्रावर जायचे असल्यास प्रवेशपत्रात सांगितलेले फोटो आणि ओळखपत्राची छायाप्रत.
– घरून द्यायची असल्यास कॅमेरा आणि माइक चालू असलेला लॅपटॉप. मोबाइलवर लांब विधाने अर्धवट दिसतात, म्हणून शक्यतो तो टाळा.
– दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या फोनचा हॉटस्पॉट आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी. तुमच्या भागात महावितरण देखभालीसाठी ज्या वारी वीज बंद ठेवते, त्या दिवशी चाचणी ठरवू नका.
– दिव्यांग उमेदवारांसाठी प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड.

शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण इथे मुले संकोच करतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचन-लेखनाशी संबंधित विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. डिस्लेक्सिया असलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या उमेदवाराला पडद्यावरची शेकडो विधाने वाचायला वेळ लागतो, याचा त्याच्या स्वभावाशी काहीही संबंध नाही. जादा वेळ, मोठी अक्षरे किंवा लेखनिक हवा असेल तर मेल मिळाल्याबरोबर लेखी विनंती करा. चाचणी सुरू झाल्यावर हे जमत नाही.

४. आधीच्या आठवड्यात नोंदवही लिहा

तयारीचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे आणि नेमका तोच बहुतेकजण सोडून देतात. एक साधी वही घ्या आणि मागच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष केलेली कामे आठवून लिहा. नोकरीचा अनुभव नाही म्हणून अडायचे कारण नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, एनएसएसचे शिबिर, गणेशोत्सव मंडळाचा हिशेब, काकांच्या दुकानातला दिवाळीचा हंगाम, सुट्टीत घरच्या शेतीवर पाहिलेली मजुरांची व्यवस्था, हे सगळे काम आहे. प्रत्येकाखाली लिहा: मी स्वतः काय केले, काय पुढे ढकलले, कोणाशी खटका उडाला तेव्हा काय बोललो, आणि शेवटच्या दिवशी घाई झाली का. विशेषणे लिहू नका, फक्त घडलेले लिहा.

मग एखाद्या वर्गमित्राला, एका शिक्षकांना आणि घरातल्या एका माणसाला विचारा की माझ्याबरोबर काम करताना काय सोपे जाते आणि काय जड जाते. त्यांच्या उत्तरांत जिथे मेळ बसेल, ते तुमच्या बाबतीत बहुधा खरे असते.

हे करायचे कारण असे. चाचणीत ‘मी कामाचे आधी नियोजन करतो’ असे विधान समोर येते, तेव्हा आपण त्या क्षणीच्या मनःस्थितीवरून उत्तर देतो. काल अभ्यास झाला नसेल तर ‘असहमत’, झाला असेल तर ‘पूर्ण सहमत’. नोंदवही लिहिलेली असेल तर डोळ्यांसमोर तीन-चार प्रसंग येतात आणि उत्तर स्थिर राहते.

आपल्या संगोपनातली एक अडचणही इथे आडवी येते. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये, मोठ्यांपुढे पुढेपुढे करू नये, हे लहानपणापासून मनावर बिंबलेले असते. त्यामुळे मंडळाचा सगळा हिशेब एकहाती सांभाळलेली मुलगीही ‘मी जबाबदारी घेते’ या विधानापुढे ‘काही अंशी सहमत’ निवडते. विधान तुमचा मोठेपणा विचारत नसते. अशी गोष्ट तुमच्याकडून किती वेळा घडते, एवढेच ते विचारते. वारंवार घडत असेल तर ‘पूर्ण सहमत’ हेच प्रामाणिक उत्तर आहे, आणि तिथे विनय दाखवला तर तुमच्याविषयी चुकीची माहिती दिल्यासारखे होते.

५. विधानांच्या इंग्रजीची सवय करा

या प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांचे खरे नुकसान इथे होते, स्वभावामुळे नव्हे. आंतरराष्ट्रीय व्यक्तिमत्त्व विधानसंग्रह, म्हणजे आयपीआयपी, हा तीन हजारांहून अधिक विधानांचा मुक्त साठा इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यातील विधानांची धाटणी प्रत्यक्ष चाचण्यांशी मिळतीजुळती असते. त्यात ‘शर्क माय ड्यूटीज’ असे एक विधान आहे. ‘शर्क’ म्हणजे टाळणे हे ठाऊक नसेल, तर नजर ‘ड्यूटीज’वर जाते आणि कामसू मुलगा त्यापुढे ‘पूर्ण सहमत’ दाबून मोकळा होतो. ‘सेल्डम फील ब्लू’ म्हणजे क्वचितच उदास वाटते. इथे ‘सेल्डम’ निसटला की अर्थ उलटा होतो.

त्या संग्रहातली पन्नास-शंभर विधाने घेऊन प्रत्येकाचा अर्थ मराठीत मोठ्याने सांगा. ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘हार्डली’, ‘टेंड टु’, ‘डोन्ट माइंड’ अशा शब्दांखाली रेघ मारा. नकारार्थी विधानाशी असहमती म्हणजे होकार, याचा सराव हाताला नव्हे तर डोक्याला झाला पाहिजे. आयपीआयपीवर आधारित पूर्ण प्रश्नावलीही तिथे भरून पाहता येते. ती एकदा भरा, पण तिचा निकाल घेऊन आपला स्वभाव ‘सुधारायला’ बसू नका.

भरतीत भाषेचा पर्याय दिला असेल, तर ज्या भाषेत तुम्ही वेगाने आणि अचूक वाचता तीच निवडा.

६. प्रश्नांचे तीन प्रकार आणि त्यांची हाताळणी

पहिला प्रकार सहमती-असहमतीचा. पाच किंवा सात पायऱ्यांवर उत्तर द्यायचे असते. सगळीकडे मधली पायरी निवडणारा उमेदवार सुरक्षित राहत नाही, कारण त्याच्या अहवालातून काहीच निष्कर्ष निघत नाही आणि पाहणाऱ्याला तो उत्तर टाळणारा वाटतो. सगळीकडे टोकाची पायरी निवडली तर अतिशयोक्ती दिसते. घरातल्या वागण्यापेक्षा कामाच्या ठिकाणचे वागणे डोळ्यांसमोर ठेवा. घरी खोली पसरलेली असते, पण प्रयोगशाळेतली नोंदवही नेटकी असते, अशा माणसाने नोंदवहीचा विचार करून उत्तर द्यावे.

याच प्रकारात दोन गोष्टी पेरलेल्या असतात. एकच बाब वेगवेगळ्या शब्दांत, कधी उलट करून, दूरदूरच्या अंतरावर विचारली जाते आणि उत्तरांत मेळ आहे का ते पाहिले जाते. शिवाय ‘मी आयुष्यात कधीही खोटे बोललो नाही’, ‘मला कधीच कोणाचा राग येत नाही’ अशी विधाने असतात. त्यांना सरसकट ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा माणूस स्वतःला सजवून दाखवत आहे, अशी नोंद अहवालात होऊ शकते.

दुसरा प्रकार सक्तीच्या निवडीचा, आणि मुले सर्वांत जास्त घाबरतात ती याला. समजा, तीन विधाने दिली आहेत: मी ठरलेल्या वेळेआधी काम संपवतो; मी अनोळखी माणसालाही सहज बोलते करतो; मी आकड्यांतली चूक चटकन हेरतो. यांतले सर्वांत लागू पडणारे आणि सर्वांत कमी लागू पडणारे निवडा. तिन्ही चांगलीच असतात, आणि ती मुद्दाम तशी असतात, जेणेकरून चांगले दिसण्यासाठी उत्तर निवडता येऊ नये. ‘सर्वांत कमी’ म्हणून ज्यावर खूण कराल, तो गुण तुमच्यात नाही असा कबुलीजबाब होत नाही. इतर दोहोंच्या तुलनेत तो मागे आहे, एवढाच अर्थ निघतो. अशा गटांपुढे स्वतःला विचारा: माझ्याबरोबर काम केलेल्या माणसाला यांतले कोणते वाक्य ऐकून लगेच पटेल? त्यावर खूण करून पुढे जा. मागच्या गटात काय निवडले होते ते आठवून जुळवाजुळव करू नका.

तिसरा प्रकार प्रसंगांचा. उदाहरणार्थ, शाखा बंद व्हायला दहा मिनिटे आहेत, एक जुना ओळखीचा ग्राहक खाते उघडायला आला आहे, त्याचे एक कागदपत्र कमी आहे आणि तो म्हणतो, ‘उद्या आणून देतो, आज खाते उघडा.’ चार पर्याय दिलेले असतात. इथे मात्र कोणती कृती सरस आणि कोणती निकृष्ट हे तज्ज्ञांनी बहुधा आधी ठरवलेले असते, म्हणून विचार करून उत्तर द्यावे. बँकेत ओळखीखातर केवायसी पुढे ढकलणे बसत नाही, आणि ग्राहकाला तुटकपणे परत पाठवणेही बसत नाही. काय कमी आहे ते नीट समजावून, बाकीचा अर्ज तपासून घेऊन, दुसऱ्या दिवशी लवकर यायला सांगणे हा पर्याय असेल तर तो घ्यावा. प्रत्येक गोष्ट वरिष्ठांकडे ढकलणारे आणि प्रत्येक गोष्ट परस्पर करून टाकणारे, असे दोन्ही पर्याय बहुधा मागे पडतात.

७. चाचणीच्या दिवशी

पुष्कळ व्यक्तिमत्त्व प्रश्नावल्यांना कडक वेळमर्यादा नसते, पण अर्ध्या ते पाऊण तासाची सलग शांतता लागते. शक्य असेल तर सकाळी द्या. लिंक उघडून आधी कॅमेरा आणि इंटरनेटची तपासणी पूर्ण करा, दुसऱ्या सर्व टॅब आणि व्हॉट्सॲपच्या सूचना बंद करा. देखरेखीची प्रणाली टॅब बदललेला टिपते, आणि खोलीत दुसरा चेहरा दिसला तरी टिपते. म्हणून घरातल्यांना आधी सांगून ठेवा आणि दाराला कडी लावा. वीज किंवा नेट गेले तर पडद्याचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि मदत कक्षाला ताबडतोब मेल करा. प्रत्येक विधानावर फार रेंगाळू नका. विधान पूर्ण वाचले की नोंदवहीतला प्रसंग आठवून लगेच उत्तर द्या.

८. हे सापळे टाळा

उत्तरसूची विकणारे क्लास आणि व्हिडिओ. एका पदाला योग्य ठरलेला आलेख दुसऱ्या पदाला चालत नाही, त्यामुळे एकच सूची सगळीकडे लागू होईल हे शक्यच नाही.

मित्राकडून किंवा चॅटबॉटकडून उत्तरे घेणे. पुढे मुलाखतीत अहवालावरचेच प्रश्न येतात आणि दुसऱ्याने रंगवलेल्या स्वभावाची उदाहरणे आपल्याकडे नसतात. काही कंपन्या देखरेखीखाली चाचणी पुन्हाही घेतात. आणि समजा खपून गेले, तरी न मानवणाऱ्या कामात तुम्हालाच रोज जायचे असते. घोळक्यात बोलायला नको वाटणाऱ्या मुलाने विक्रीची नोकरी अशी मिळवली, तर त्रास त्यालाच होतो.

तब्येतीचे, जातीधर्माचे, लग्नाचे किंवा गरोदरपणाचे प्रश्न. नोकरीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत रोगनिदान नसते. मानसिक आजार, उपचार किंवा औषधांविषयी प्रश्न आढळला, तर त्याचे प्रयोजन काय ते भरती विभागाला लेखी विचारा. आपल्या मानसिक आरोग्याच्या माहितीबाबत गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला आहे. चाचणीपूर्वीच्या संमतीच्या पानावर माहिती कोणाला दिली जाईल आणि किती काळ ठेवली जाईल हे वाचा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पैशांची मागणी. काही मूल्यमापन कंपन्यांच्या स्वतंत्र परीक्षा उमेदवार स्वतः शुल्क भरून देतात, ती वेगळी गोष्ट आहे. परंतु ‘तुमची निवड झाली आहे, आता सायकोमेट्रिक चाचणीचे शुल्क या क्रमांकावर पाठवा’ असा फोन आला, तर पैसे पाठवू नका. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर खात्री करून घ्या. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

९. चाचणीनंतर

त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा की कोणत्या विधानांपुढे तुम्ही थबकलात. मुलाखतीत प्रश्न बहुधा तिथेच येतात: ‘तुम्हाला एकट्याने काम करायला आवडते असे दिसते, मग गटात कसे जमवता?’ याला नोंदवहीतला एखादा खरा प्रसंग सांगून उत्तर द्या. अहवाल आपल्याविरुद्ध आहे असे समजून सारवासारव करू नका.

निवड झाली नाही, तर अहवालाची प्रत किंवा निदान थोडक्यात अभिप्राय मिळेल का, असा मेल करा. सगळे देत नाहीत, पण काही कंपन्या देतात. त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करण्यापूर्वी किती काळ थांबावे लागते आणि जुना निकाल ग्राह्य धरला जातो का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. पुन्हा चाचणी द्यायची वेळ आली, तर मधल्या काळात केलेली कामे आधी वहीत लिहा आणि मगच लिंक उघडा.